येळवशीचे पाहुणे आणि गुट्ट्यावरचं घुबड

घुबड बघायला मिलिट्रीसारखे कपडे कशाला लागतात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी गेली सहा वर्षं घुबड बघते ती सहावारी साडीत, पायात रबरी चप्पल आणि डोक्यावर पदर घेऊन. घुबडाने कधी तक्रार केली नाही. पण त्या वर्षापासून आमच्या रस्त्याला हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घातलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते सांगते. माझी चूकही सांगते, कारण सगळ्यांत मोठी तीच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त बाई. जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाले त्याच वर्षी साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाला, रोज तासभर चाला. गावातली बाकीची साखरवाली माणसं डांबरी रस्त्याने ट्रकचा धूर खात चालतात. मला ते नको होतं. आमचं गाव नायगावच्या पलीकडे, धर्माबादच्या अंगाला. इकडे सपाट रानातून मध्येच ग्रॅनाइटचे डोंगर वर येतात, बैलाएवढे, घराएवढे धोंडे एकावर एक रचलेले. तेलंगण हाकेवर, म्हणून आम्ही डोंगर म्हणत नाही, गुट्टा म्हणतो. तर वेशीतून निघायचं, तलावाच्या पाळूवरून जायचं, मग आमच्याच शेताच्या बांधाने गुट्ट्याच्या पायथ्याला. जाऊन-येऊन सव्वा तास. ही पायवाट कुण्या योजनेत झालेली नाही. गुराख्यांच्या आणि आमच्यासारख्या बायांच्या पायांनी झालेली आहे.

या वाटेवर काय काय दिसतं ते मला साठीत कळलं, याची मला लाज वाटते. तलावात हिवाळ्यात बदकं उतरतात, त्यातली भगव्या रंगाची जोडीजोडीने पोहतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस येतात, ते म्हणे हिमालय ओलांडून. लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे चिखलात मीटिंग भरल्यासारखे उभे असतात. गुट्ट्यावर घोरपड ऊन खात पडलेली असते, सकाळी लवकर गेलं तर खोकड दिसतं. मी नांदेडहून एक दुर्बीण आणवली, एक पुस्तक आणलं, वहीत नावं लिहायला लागले. घरचे मला पाखरंवाली बाई म्हणायला लागले. म्हणू देत. कुणाची चहाडी करत बसण्यापेक्षा बरं.

माझ्याबरोबर चालायला माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते. अक्का उदगीरच्या, माहेरी घरात निम्मं कानडी. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि खोटं बोलत नाहीत. म्हणजे अजिबातच नाहीत. वसुलीवाला दारात आला आणि भावजींनी आतून खूण केली, ‘नाही म्हण’, तरी अक्का सांगणार, “आत हायत, लपल्यात.” गळ्यात लिंग असताना जीभ उचलत नाही म्हणतात. त्यांच्या या खरेपणापायी आमच्या घराची कितीदा इज्जत गेली त्याला हिशोब नाही.

गुडघ्यांमुळे अक्का पायथ्यापर्यंतच येत. बांधावर बसून राहत आणि मी थोडी वर चढून यायची. तिथेच मला ते घुबड दिसलं. गुट्ट्याच्या मधोमध एका भेगेतून पिंपळाचं रोप निघालंय, त्याच्याखाली कातळाची एक फळी पुढे आलेली आहे. तिथे बसलेलं. केवढं मोठं! कोंबड्याच्या दीडपट. कानांवर शिंगांसारखी पिसं आणि नारिंगी डोळे, भट्टीतल्या निखाऱ्यासारखे. शृंगी घुबड, असं पुस्तकात नाव सापडलं. मी पळत खाली आले आणि अक्कांना सांगितलं.

“यव्वा! घुबड बघून आलीस? जा, आंघोळ कर.”

“अहो अक्का, ते उंदीर खातं. आपल्या हरभऱ्यातले उंदीर कोण खातं वाटतं तुम्हाला?”

“खाऊ दे. पर मला सांगू नको. अवलक्षणी पाखरू हाय त्ये.”

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी मार्गशीर्ष निम्मा झाला तेव्हा त्या फळीवर, नुसत्या मातीत, तीन अंडी दिसली. समोर हत्तीच्या पाठीसारखा एक धोंडा आहे, त्याच्यावर चढलं की दुर्बिणीतून फळी नीट दिसते. त्या धोंड्याच्या पुढे मी कधी गेले नाही. अंड्यावरच्या पाखराजवळ जायचं नसतं एवढी अक्कल होती. मी अक्कांना सांगितलं, घुबडीण अंड्यावर बसलीय. अक्कांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी चालताना स्वतःहून म्हणाल्या, “उठती का न्हाई ती? खायला कोण आणतंय?”

“नर आणतो.”

“बरा हाय की मग. आपल्या घरातल्यांपेक्षा बरा हाय.”

त्या दिवसापासून बांधावर बसल्या बसल्या अक्का वर बघत राहत. गुडघे धड असते तर पहिल्या त्याच चढल्या असत्या. रोज विचारायच्या, किती दिवस राहिले. मी सांगायची, महिना लागतो. अक्कांना लेकरू नाही. त्या बोलल्या नाहीत कधी, पण त्या तीन अंड्यांचे दिवस त्या बोटांवर मोजत होत्या, हे मी बघत होते.

आणि मग आली येळवस.

मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे आणि लातूरकडे या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, हळदीकुंकू वाहायचं. हे पाच पांडव. काळ्या रानात औषधालासुद्धा खडा सापडत नाही, म्हणून आमच्या सासऱ्यांनी मुठीएवढे पाच दगड कुठूनसे आणून ठेवलेले, तेच दरसाल काढायचे. पूजा झाली की आंबील शिंपायची, आणि मग जेवण. सगळ्या डाळींची, सगळ्या पालेभाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली ताकाची आंबील. आणि या दिवशीचा कायदा एकच. वाटेने जाणारा कुणी असो, त्याला हाक मारायची आणि जेवल्याशिवाय सोडायचं नाही. ओळख लागत नाही, जात लागत नाही. वाटसरू उपाशी गेला तर वर्षभर रान रुसतं, असं अक्कांच्या सासूबाई, म्हणजे माझ्याही, सांगत असत.

त्या येळवशीला दुपारी एक मोठी पांढरी गाडी तलावाकडून आली. चौघे उतरले. मिलिट्रीचे कपडे, गळ्यात तोफेएवढे कॅमेरे. म्हणजे बघा, स्वतः झुडपासारखं दिसायचं, आणि गाडी पांढरीफेक, हॉर्न वाजवत. तलावावरची बदकं त्यांनी केव्हाच उडवली होती. अक्कांनी हाक मारली, “या जेवायला!” ते लाजले, मग बसले. दाबून जेवले. आंबील तीन-तीन वाट्या प्यायले. मला बरं वाटलं.

जेवता जेवता त्यातला चष्मेवाला म्हणाला, “मॅडम, इथे तलावावर काही खास नाही दिसलं. तुम्हाला काही माहिती आहे?” मी सांगितलं, काय काय येतं, कोणत्या महिन्यात येतं, कुठल्या कडेला उतरतं. तो जेवायचा थांबला. “मॅडम, तुमचा अभ्यास दांडगा आहे हो! आमच्याकडे मोठमोठ्या लोकांना एवढं माहीत नसतं.”

आता मी हरभऱ्याच्या शेतात बसले होते आणि त्याने मला हरभऱ्याच्याच झाडावर चढवलं. घरात माझं पाखरांचं बोलणं निघालं की लोक टीव्ही मोठा करतात. इथे चार शिकलेली माणसं हातातला घास खाली ठेवून ऐकत होती. मी विरघळले. वर पाहुणे, येळवशीचे पाहुणे. आपल्याकडे जे चांगलं आहे ते पाहुण्याच्या पुढ्यात ठेवायचं, ही आमची खोड. मी बांधावर उभी राहिले आणि बोटाने दाखवलं. तो पिंपळ, त्याच्याखाली फळी. घुबड आहे, अंड्यावर आहे. तो हत्तीसारखा धोंडा दिसतो ना, तिथूनच बघा, पुढे जाऊ नका.

“नाही नाही मॅडम, आम्हाला कळतं ते.”

निघताना चष्मेवाल्याने चप्पल काढली, कोपीत वाकला, पांडवांना हात लावून नमस्कार केला. मी अक्कांना म्हटलं, बघा, शहरातली असून किती रीतभात आहे. घंटाभराने ते उतरून आले, लांबूनच हात केला आणि गेले.

संध्याकाळी आवराआवर करताना अक्का म्हणाल्या, “पांडव चारच हायत गं.” आम्ही लेकरांवर ओरडलो. शेजारच्या शेतातल्या लेकरांवरसुद्धा ओरडलो. बिचारी रडकुंडीला आली. पाचवा दगड सापडला नाही.

चार दिवसांनी आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. कुणी कुणाला पाठवलेला, फिरत फिरत आलेला. निळं आभाळ, पंख पसरलेलं घुबड, नारिंगी डोळे थेट कॅमेऱ्यात. खाली आमच्या गावाचं नाव, गुट्ट्याचा पत्ता, नकाशासकट. लोक अंगठे दाखवत होते, वा वा करत होते.  अंड्यावरचं घुबड भर उन्हात आपणहून उठत नाही. त्याला कुणीतरी उठवलं होतं.

चहा तसाच टाकून गेले. धोंड्यावर चढले, दुर्बीण लावली. घुबडीण होती. जिवात जीव आला. मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती जराशी सरकली आणि खालचं दिसलं. एक, दोन, तीन. तीनही पांढरी. मी हात जोडले. मग दिसलं की तिसरं जरा मोठं आहे. आणि त्याच्यावर लाल काहीतरी आहे. दुर्बिणीचं चाक फिरवून फिरवून बघितलं.

कुंकू होतं ते.

आमचा पाचवा पांडव. वर सगळा अखंड कातळ, नाहीतर बैलाएवढे धोंडे, फेकायला हातात मावेल असा दगड मिळत नाही. हे त्या चष्मेवाल्याला खालूनच कळलं होतं, म्हणून तो कोपीत वाकला होता. नमस्काराला! माझी भज्जी खाऊन, माझी आंबील पिऊन, माझ्याच देवाला हात लावून त्याने तो खिशात घातला आणि मीच दाखवलेल्या पाखराला मारला, ते उडावं म्हणून. एक अंडं फुटलं होतं. आणि ती वेडी उरलेल्या दोन अंड्यांबरोबर त्या दगडालाही पोटाखाली घेऊन बसली होती.

मी अक्कांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्या फोटोवाल्यांना शिव्या देतील. त्यांनी मला दिल्या.

“दाखवलंस कशापायी?”

“पाहुणे होते, अक्का.”

“पाव्हण्याला जेवू घालत्यात. घरातलं लेकरू उचलून देत न्हाईत!”



त्यानंतरच्या रविवारी सहा गाड्या आल्या. कुणी हत्तीधोंड्याच्या पुढे, कुणी थेट फळीखाली. एकाने मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला होता, स्पीकरवर, म्हणजे खरं घुबड बाहेर यावं. कुणी उडतं यंत्र आणलं होतं, ते मोठ्या माशीसारखं घोंघावत होतं. मी बांधावर काठी घेऊन उभी राहिले. एक जण मला म्हणाला, “काकू, डोंगर काय तुमच्या बापाचा आहे का?”

“डोंगर नाही,” म्हटलं, “पण तू उभा आहेस तो बांध माझ्या सासऱ्याचा आहे. उतर खाली!”

तो उतरला. पण पलीकडून, सरकारी पडिकातून, बाकीचे चढतच होते. मी फोन केले. ज्या खात्याचं हे काम त्यातला एक जण मोटारसायकलवर आला, गुट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, ही जागा आमच्यात येत नाही. दुसऱ्या खात्यातल्याला विचारलं, तो म्हणाला, जागा आमची आहे पण घुबड आमच्यात येत नाही. मी जन्मभर पोरांना वजाबाकी शिकवली. एकातून दुसरा वजा केला की बाकी शून्य, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. गावातल्या पुढाऱ्यांना तर आनंदच झाला होता. गावाचं नाव निघालं म्हणे! पायथ्याला सेल्फीसाठी फलक लावायचं घाटत होतं.

दुसऱ्या रविवारनंतर मी गेले तेव्हा फळीवर घुबडीण नव्हती. अंडी उन्हात उघडी पडली होती. मी दुपारपर्यंत बसले. ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंडीही नव्हती, नुसती टरफलं आणि वेफरचं एक चकचकीत पाकीट.

मी खाली आले. अक्कांनी माझं तोंड बघितलं, उठल्या, आणि त्या गुडघ्यांनी गुट्टा चढायला लागल्या. मी नको नको म्हणत मागून. बसत, उठत, दोन्ही हातांनी कातळ धरत, “अय्यो शिवा” करत त्या थेट फळीपर्यंत गेल्या. टरफलांकडे बघत उभ्या राहिल्या. “पोटुशी बाई अन् अंड्यावरचं पाखरू उठवत नसत्यात,” एवढंच म्हणाल्या. रडल्या. मीही रडले. मग त्यांनी तो दगड उचलला, पदराने पुसला, ओच्यात बांधला आणि घेऊन उतरल्या.

वर्षभर मी गुट्ट्यावर गेले नाही. तलावाच्या पाळूवरून परत फिरायची. घुबड गेलं म्हटल्यावर गाड्याही बंद झाल्या, त्यांना दुसरीकडचं काहीतरी सापडलं असेल. मध्ये त्या चष्मेवाल्याकडून माझ्या नावाने एक पार्सल आलं. तोच फोटो, काचेच्या चौकटीत, सोबत चिठ्ठी. त्याला कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं आणि ‘तुमच्या मार्गदर्शनाबद्दल आभार’ होते. नंबर होता, फोन केला. त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्याने मध्येच ठेवून दिला. ती चौकट मी ज्वारीच्या कणगीवर झाकण म्हणून घातली आहे. उंदरांनी निदान घाबरावं.

पुन्हा येळवस आली. मी म्हटलं, अक्का, या वर्षी कुणाला हाक मारायची नाही. आपण खाऊ, आपण येऊ.

“येळवशीला वाटसरू उपाशी जाऊ देऊ? डोकं बिघडलं काय तुझं?”

कोपीत पाच पांडव मांडले. पाचव्याला चुना जरा जास्तच लावला होता. दिवस कलला तरी कुणी आलं नाही, मी मनातून खूश होते. आणि तेवढ्यात मोटारसायकलवर दोघं आली, एक मुलगा, एक मुलगी, पाठीला पिशव्या, गळ्यात कॅमेरे. अक्कांनी हाक मारलीच. पोरं चांगली होती, पानात काही टाकलं नाही. पण मागचे तरी कुठे वाईट दिसत होते? मी जेवढ्यास तेवढं बोलत होते. मुलीने विचारलं, “मावशी, या डोंगरावर काही दिसतं का?” मी म्हटलं, धोंडे दिसतात.

दिवस मावळला. कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवायची असते, धाकट्या दिराचा पोरगा ती पेटवत होता. त्याच वेळी गुट्ट्यावरून आवाज आला. खोल, घुमलेला. हूऽऽ. थोड्या वेळाने पुन्हा, हूऽऽ.

माझ्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. वर्षभर कान लावून बसले होते त्या आवाजाला.  अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, कोपीकडे बघत होत्या.

“हे काय ओरडलं?” मुलगी ताठ झाली. मुलाने कॅमेरा हातात घेतला.

मी तोंड उघडलं. खरं सांगते, नाव ओठांवर आलं होतं. जन्मभर शिकवलेल्या बाईला कुणी प्रश्न विचारला की उत्तर आपोआप बाहेर पडतं.

“त्ये व्हय?” अक्का म्हणाल्या. “त्ये आमचे चुलत सासरे हायत. पल्याडच्या रानात ऱ्हात्यात. दमा हाय, दिवस मावळला की असंच कण्हत्यात.”

आमचे चुलत सासरे जाऊन दहा वर्षं झाली.

“अगंबाई,” मुलगी हळहळली. “कुणाला दाखवलं का?”

“लई दाखवलं. त्यानंच बिघडलं.” अक्कांनी तिच्या पानात खीर वाढली. “खा तू.”

पोरं जेवली, पाया पडली, गेली. मोटारसायकलचा लाल दिवा तलावाच्या पाळूवर दिसेनासा झाला तेव्हा मी वळले.

“अक्का! गळ्यात लिंग, समोर पाच पांडव, आणि तुम्ही सरळ खोटं बोललात?”

अक्का पत्रावळी गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मागल्या साली ह्यांच्याच म्होरं तू खरं बोलली व्हतीस,” त्या म्हणाल्या. “आता उभी राहू नको. पांडव मोज.”

मी कोपीत वाकले आणि मोजले. पाच होते.